बाबांची नाडी मंद का झाली

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागायला हवी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. घरात पुस्तकं आहेत ती माझीच, आणि तीही परीक्षेची. लातूरला बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे औषधांच्या बाबतीतही अजून अर्धवटच. लिहिणं हे आपलं काम नाही असं आतून वाटत असतं. तरी बाबांच्या नाडीचं जे झालं ते आमच्यातलं दुसरं कुणी लिहून ठेवणार नाही, म्हणून धीर करतो.

बाबा उमरीत शिंपीकाम करतात. रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान, त्यात एक मशीन. एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला ते उठले आणि टेप हातात धरूनच खाली बसले. बसलो, असं ते सांगतात. गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे ते पडले.

मी लातूरहून आलो आणि त्यांना नांदेडला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी काढला. नाडी चाळीसच्याही खाली होती. बाबांना बीपीची एक गोळी चालू होती, बीटा ब्लॉकर जातीची. ही गोळी नाडी मंद करते हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?"

"न्हाई साहेब. ही बीपीची तेवढी एकच," बाबा म्हणाले. मी मागेच उभा होतो.

डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि बीपीसाठी दुसऱ्या जातीची दिली. पण पुढच्या खेपेलाही नाडी तिथंच. मग ते म्हणाले की गोळी बंद करूनही नाडी वर येत नाही, म्हणजे हृदयाच्या आतली वायरिंगच थकली आहे. पेसमेकर बसवावा लागेल. लवकर भरती व्हा. नंतर काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही.

बाहेर आल्यावर बाबांनी डावा हात उचलून पाहिला. मग म्हणाले, "डाव्या हातानं तर कापड धरतो मी." बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की छातीत मशीन असलेल्या माणसानं मोटरीजवळ बसू नये, आणि त्यांच्या मशीनला मोटर आहे. छातीत मशीन बसवलं म्हणजे दुकान बंद, असं त्यांनी मनात धरलं.

मला मात्र वेगळाच किडा चावत होता. हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात, असं आम्हाला शिकवलंय. एक बैलाचा कासरा मागं ओढावा तशी हृदयाला आवरते, दुसरी त्याला हाकते. बीटा ब्लॉकर कासरा ओढत नाही. हाकणाऱ्याचा आवाजच तो बैलाच्या कानावर पडू देत नाही. बाबांची नाडी अगदी तशी वाटत होती. जिना चढल्यावरही ती जराशीच वाढायची. औषध बंद झालं असेल तर आवाज कोण अडवतंय? मला वाटायला लागलं की गोळी कुठून तरी अजून पोटात जातेच आहे. मशीन खपवायची घाई डॉक्टरांनाच असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पहिला संशय आला मेडिकलवाल्या अप्पांवर. एकच औषध दहा नावांनी विकलं जातं. नव्या नावाखाली जुनीच गोळी दिली असेल तर? मी दुकानात गेलो.

"अप्पा, बाबाला हल्ली कोणती गोळी देता ते दाखवा जरा."

"का रं, चोर धरायला आलास का?" त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं. "बघ. उजेडात धरून बघ. कॉलेजात भिंग दिलं असंल तर ते बी लाव."

गोळी बरोबर होती. तरी घरी जाऊन बाबांच्या खिशातलं पाकीट मी त्याच्याशी ताडून पाहिलं. तेही बरोबर निघालं.

मग संशय मायवर गेला. माझ्या मामानं आपल्या मनानं बीपीची गोळी सोडली आणि त्याला लकवा मारला, तेव्हापासून गोळी बंद हा शब्दच तिला सहन होत नाही. उरलेल्या जुन्या गोळ्या ती चहातून देत असेल, असं मला वाटलं. ती पाण्याला गेली तेव्हा मी मांडणीवरचे डबे उघडून पाहू लागलो. तेवढ्यात ती दारात उभी.

"काय हुडकून राहिला?"

"काही नाही."

"जुन्या गोळ्या ना? चुलीत टाकल्या, डॉक्टरनं पुरत्या बंद केल्या त्याच दिवशी." घागर खाली ठेवत म्हणाली, "शिकून लई शंकेखोर झालास लेका. माझ्या हातचा चहा तर घेतोस ना?"

मी चहा घेतला, पण संशय गेला नाही. तिच्यावरचा उतरला तो बाबांवर गेला. हे दुकानात कुणा वैदूची पुडी घेत असतील. काज-बटणं करून देतो म्हणून मी दिवसभर त्यांच्याजवळ बसायला लागलो. काम कमी, नजर ठेवणं जास्त. त्यांनी तंबाखू मळली तरी मी पुडीकडे बघायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, पुन्हा चुकलं. मग त्यांनी वरच्या खिशातून एक इवलीशी बाटली काढली, मान मागं टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. थोड्या वेळानं दोरा तुटला, पुन्हा ओवता येईना, आणि बाटली पुन्हा निघाली.

"बाबा, हे काय?"

"डोळ्याचं हाय. शिबिरातलं."

गेल्या वर्षी डोळ्यांच्या शिबिरात त्यांना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं होतं. ते मला कुणी कळवलं नव्हतं; पोराचा अभ्यास मोडंल म्हणून.

"दिवसातून किती वेळा टाकायला सांगितलंय?"

"सकाळ-संध्याकाळ एकेक. पण दोरा गेला न्हाई की मी टाकतो. डोळा साथ द्यायला नको का? जास्त झालं तर गालावरून वाहूनच जातंय की." त्यांनी आवंढा गिळला आणि तोंड वाकडं केलं. "घशाशी कडू येतं तेवढं. पानी दे."

मी पाणी दिलं आणि बाटली हातात घेतली. तिच्यावर टिमोलॉल लिहिलं होतं. हाही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातला दाब उतरवायला देतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून बारीक नळी नाकात उतरते. म्हणूनच घशाशी कडू येतं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथं बरीचशी झिजते. नाकाच्या आतल्या नाजूक कातडीतून शिरलेलं औषध मात्र थेट रक्तात मिसळतं. परीक्षेत यावर मला पूर्ण गुण मिळाले होते.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"त्यांनी औषध विचारलं. हे थेंब हाय."

आमच्याकडे औषध म्हणजे जे तोंडातून जातं किंवा सुईनं टोचतात. बाकी सगळं मलम, तेल, थेंब. मलाच कुणी विचारलं असतं तर मीही कदाचित हेच उत्तर दिलं असतं. आणि दोरा ओवता न येणं हे काचबिंदूचं नव्हतंच. पन्नाशीत सगळ्यांना लागते ती चाळीशी त्यांनी कधी करूनच घेतली नव्हती. दोरा चुकला की त्यांना नजर चालली असं वाटायचं.

बाटली तिथंच फेकून द्यावी असं वाटलं. पण नजर खरंच गेली तर? मी कॉलेजातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्या मनानं काही बंद करू नकोस. आजच बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा."

नांदेडला डॉक्टरांनी बाटली फिरवून फिरवून वाचली. "औषधं मी विचारली होती," असं काही ते म्हणाले नाहीत. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते थेंब बंद झाले, वेगळ्या जातीचे सुरू झाले, आणि चाळीशीचा नंबरही काढला. मशीनचं दोन आठवडे पुढं ढकललं. "तरी नाडी वर आली नाही तर मात्र बसवायचंच," डॉक्टर म्हणाले.

परतताना बाबा म्हणाले, "जुने थेंब नजर राखीत होते. हे राखतील कशावरून?"

मी पुस्तकातलं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण मी अप्पांकडे जसं पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं.

लातूरला परत आलो. प्रॅक्टिकल चालू होत्या, पण लक्ष नव्हतं. बाबांचा फोन यायचा, "बरं हाय," आणि त्यावर माझा विश्वास बसायचा नाही. पडले त्या दिवशीही ते बरं हायच म्हणाले होते. आपणच कारण ओढूनताणून शोधलं असावं, वायरिंग खरंच थकलेली असावी, आणि आपल्यामुळे मशीन लांबलं, अशी भीती वाटायची.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मायचा फोन आला. मागं बसस्थानकाचा गलका होता.

"मशीन नको म्हणले डॉक्टर."

"नक्की? नाडी किती निघाली?"

"माझं खरं वाटंना का? घे, यांनाच विचार."

बाबांनी फोन घेतला. "बासष्ट," ते म्हणाले. "अन् डोळ्याचा दाब बी ठीक हाय म्हणले."