बाथरूमची सांध

जवाहरनगरजवळच्या आमच्या घरात बाथरूमची भिंत आणि फरशी यांच्यातली सांध मी तीनदा भरली होती. सिलिकॉनची नळी आणायची, जुन्यावरच नवं थापायचं, वरून बोट फिरवायचं. महिन्याभरात ते काळं पडून सुटायचं आणि पलीकडच्या खोलीत, आईच्या पलंगामागे, भिंतीला ओल चढायची. आईचा खोकला वाढला तेव्हा मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाची बायको लाखांदूरहून आईला पाहायला आली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मी पडलो भासरा. नवऱ्याच्या या मोठ्या भावाशी ती कधी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती. हातपाय धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, दादाले सांगा, फोडू नका म्हना. मले येते हे काम."

मला खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि पात्यानं माझी तिन्ही वेळची कामगिरी खरडून काढली. एका जागी थर उचलला तर खालून पाणी निघालं.

"दादा, हे पाहा," ती पहिल्यांदाच सरळ माझ्याशी बोलली. "पानी अंदर कोंडून ठेवलं तुमी."

मी नवी नळी पुढे केली.

"आज नाही. सुकलं नाही तं चिकटनार नाही."

दिवसभर पंखा लावून ठेवला. आंघोळीला आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो.

तिसऱ्या दिवशी तिनं सांधेच्या दोन्ही अंगांना कागदी चिकटपट्टी लावली. नळीचं तोंड तिरपं आणि अगदी बारीक कापलं. मग उकिडवी बसून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच रेघ ओढली. हात कुठे थबकला नाही, कुठे घाईही नाही. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते त्या रेघेवरून अलगद फिरवलं.

"पट्टी सुकल्यावर काढायची ना?" मी विचारलं.

"नाही जी, ओलं आहे तवाच. सुकल्यावर काढली तं कोर फाटते."

पट्ट्या निघाल्या आणि मागे राहिली ती काठोकाठ, गुळगुळीत, पांढरी रेघ. मी बघतच राहिलो. दारामागे तिला एक केस चिकटलेला दिसला. तेवढा वीतभर भाग तिनं पुसून पुन्हा भरला.

"तिथं कोण पाहणार आहे?" मी म्हणालो.

"पानी पाहाते," ती म्हणाली. "उद्या सकाळवरी कोनी आत जाऊ नका."

चहा पिताना मी विचारलं, हे कुठे शिकलीस? लग्नाआधी ती नागपुरात इमारतींवर मजुरीला होती, एवढंच आम्हाला सांगितलं होतं आणि पुढे मी कधी विचारलंही नव्हतं.

"इटा पयले सहा महिनेच उचलल्या," ती म्हणाली. "मंग फ्लॅटाच्या बाथरूमा माह्याकडंच होत्या. ठेकेदार दुसऱ्याले हात लावू देत नव्हता."

नऊ वर्षं एक कारागीर आमच्या घरात येऊन जात होती आणि मी तिला फक्त पाणी आणून देताना पाहिलं होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

आईच्या पलंगामागची भिंत वाळायला दोन महिने लागले. मग आम्ही तिला रंग दिला. आता शेजारी भावाच्या बायकोचा नंबर मागतात. मी म्हणतो, थांबा, आधी तिला विचारतो.