घाटावर फुल रेंज

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावात फक्त मेलेल्या माणसाला नेटवर्क मिळत होतं.

जिवंतांसाठी काम चालू होतं. पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइल कंपनीचा संदेश आला की आपल्या भागात लवकरच नवं, वेगवान नेटवर्क येत आहे. गावाला वेगानं मिळालेला तो शेवटचा संदेश! दुसऱ्याच दिवशी दोन माणसं टॉवरवर चढली, वरचे जुने डबे सोडवून खाली आणले, गाडीत घातले आणि तिगावच्या रस्त्यानं निघून गेली. नवे डबे पोळ्याला येणार होते. मग दसऱ्याला. मग दिवाळीला. मधूनमधून पिवळं हेल्मेट घातलेला एक इंजिनिअर यायचा, कपाळावर हात धरून टॉवरकडे बघायचा आणि त्याचा फोटो काढायचा. मी विचारलं की म्हणायचा, "हो जाएगा अंकल, अस्सी परसेंट काम हो गया." पुढच्या महिन्यात म्हणाला, पचहत्तर. करता करता काम कमी होत गेलेला जगातला हा एकमेव टॉवर असावा.

नेटवर्क पूर्ण गेलं असतं तरी चाललं असतं. पण ते अर्धवट उरलं होतं, आणि अर्धवट उरलेली कोणतीही गोष्ट भीतीदायकच. भर दुपारी फोन वाजायचा. उचलावा तर आत नुसता वारा. माझी बायको शोभा एकदा "कोन आहे?" म्हणाली, तर चार श्वासांनी फोननं तिच्याच आवाजात तिला विचारलं, "कोन आहे?" तेव्हापासून ती फोन घेण्याआधी डोक्यावर पदर घ्यायची. (आत कोणी मोठं माणूस असलं तर!)

मग शेजारचे दामाजी वारले. नदीकाठच्या घाटावर त्यांना अग्नी दिला. आमच्याकडे रीत अशी, की चिता पेटली की घाटावरच शोकसभा होते. दोघं-तिघं गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात आणि मग दोन मिनिटं सगळे शांत उभे राहतात. तर त्या शांततेत आधी सरपंचाच्या खिशात काहीतरी टुंग वाजलं. मग गुरुजींच्या. मग साठ-सत्तर खिशांत एकदम! चार दिवसांचे अडकलेले संदेश घाटावर येऊन सुटले होते. गाव टेकडीच्या आड, पण घाट मोकळ्यावर. पलीकडे सावरगावच्या बाजूचा टॉवर तिथून थेट दिसत होता. मीही फोन काढला. चार दिवसांपूर्वीचे तीन मिस्ड कॉल होते. दामाजींचे.

समोर दामाजी जळत होते आणि हातात त्यांचे तीन कॉल. काय सांगायचं होतं त्यांना, देव जाणे. मी फोन उलटा करून खिशात ठेवला. घरी जाईपर्यंत तो खिसा थंड लागत होता. (हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं थोडं सांगतो.)

आता मुद्द्याची गोष्ट. माझी मुलगी प्राजक्ता हिला काटोलचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा मस्कतला फिटर. सौंसरला एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, आणि तिथून आल्यापासून प्राजक्ता भाजीत दोनदा मीठ घालत होती. म्हणजे तिचं ठरलं होतं. पण रीतसर पाहणं व्हायला हवं. मुलाला मार्चमध्ये सुटी होती, नंतर दोन वर्षं नाही. त्याला सवड फक्त शुक्रवारी दुपारी, आणि काटोलवाल्यांनी निरोप धाडला की या शुक्रवारी तीन वाजता व्हिडिओ कॉलवर मुलगी दाखवा, आम्हाला आणखी दोन घरं पाहायची आहेत.

याआधी तिची दोन स्थळं मोडली होती. दोन्ही मी मोडली. पहिल्या पाहुण्यांना मी सांगितलं की आपली संत्र्याची झाडं दोन हजार. ते बाग बघायला निघाले आणि कपातला चहा निवायच्या आत बघून परत आले. दुसऱ्यांना मी संख्या सांगितलीच नाही. म्हटलं, बागेत वाघ येतो. त्यांनी विचार केला की माहेरपणाला आलेली सून वाघानं नेली तर? म्हणून शोभानं यावेळी मला प्राजक्ताच्या डोक्यावर हात ठेवायला लावला.

"एक शब्द बोलायचा नाही. पोरीची आन आहे तुमाले."

"अन् त्यांनी बागेचं विचारलं तर?"

"मी सांगीन म्हन्लं ना. तुमी मुके आहा असं समजा."

गुरुवारपर्यंत टॉवर सुरू होणार होता. झाला नाही. गावात फोन घेऊन मी गच्चीवर चढलो, पाण्याच्या टाकीवर चढलो, एका दांडीच्या वर रेंज जाईना. शेवटी मी हळूच घाटाचं नाव काढलं. शोभानं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथं कायमचंच पोचवते की काय असं वाटलं. शुभ काम, आणि मसणात! पण प्राजक्ता शांतपणे म्हणाली, "आई, मागं साडी बांधू. त्याईले काय दिसते?"

शुक्रवारी सकाळी अवेळी पाऊस शिंतडून गेला आणि धुकं असं बसलं की दुपार झाली तरी उठेना. नदी ऐकू येत होती, दिसत नव्हती. घाटाच्या शेडमध्ये आम्ही शोभाची लग्नातली साडी पडद्यासारखी बांधली. पडद्याच्या आत खुर्चीवर प्राजक्ता, शेजारी शोभा. गेल्या पावसाळ्यापासून न झाडलेली राख ओली होऊन जमिनीला चिकटली होती आणि वास येत होता तो न आलेलाच बरा.

रेंज मात्र शेडच्या आत नव्हती. ती होती बाहेर, प्रेत टेकवायच्या ओट्यावर. तिरडी आणली की आधी त्या ओट्यावर ठेवतात. तिथं माझा फोन ठेवायचा आणि त्यावरून प्राजक्ताच्या फोनला नेट द्यायचं, असं ठरलं. पण फोन नुसता दगडावर ठेवला की दोन दांड्या, उभं राहून धरला की एक. मी ओट्यावर उताणा पडून छातीवर ठेवला, की चार. शास्त्र मला विचारू नका. मी पडलो.

"गार लागून राहिलं," मी म्हणालो. शोभानं घरून आणलेली पांढरी चादर माझ्यावर घातली. तीन वाजायला दोन मिनिटं होती. मी चादरीतून मान बाहेर काढून विचारलं, की त्यांनी वाघाचं विचारलं तर. शोभा आली, चादर माझ्या तोंडावरून ओढली, कडेनं नीट खोचली आणि पडद्याआड गेली.

नेमकं तेवढंच नामदेवनं पाहिलं.

नामदेव माझा चुलत भाऊ. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन वर्षं आमचं बोलणं बंद. संत्र्याचा ट्रॅक्टर घेऊन तो नदीपलीकडून चालला होता. धुकं क्षणभर फाटलं, आणि त्याला दिसलं की ओट्यावर पांढऱ्या चादरीत माणूस, आणि त्याच्या तोंडावर चादर ओढणारी माझी बायको. अशा वेळी आमच्याकडे कोणी नदीपलीकडून हाक मारून विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं. माणूस मुकाट गावात जातो आणि चार लोक घेऊन येतो. वैर असेल तर आधी जातो.

चादरीखाली मला हे काही माहीत नव्हतं. माझ्यापुरतं जग पांढरं होतं. आत माझाच श्वास ओला होऊन परत तोंडावर येत होता. पडद्याआडून काटोलच्या आईंचा आवाज आला, मग प्राजक्ताचा. मस्कतचा मुलगा बोलायचा ते उशिरा पोचायचं, त्यामुळे प्राजक्ताचं उत्तर आधी यायचं आणि त्याचा प्रश्न मागून. तरी ती हसली. तो हसला, जरा उशिरा. छान चाललं होतं.

मग पावलं ऐकू आली. एक-दोन नव्हे, पुष्कळ. अनवाणी. कोणी बोलत नव्हतं. माझ्या डोक्याशी लाकडं ठेवल्याचा आवाज झाला. उदबत्तीचा वास आला. छातीवर काहीतरी हलकं पडलं. झेंडू असावा. मी आठवू लागलो की मला कुठं दुखलं होतं का. नव्हतं दुखलं. पण दामाजींनाही कुठं दुखलं होतं? खात्री करावी म्हणून मी पायाचा अंगठा हलवला. अंगठा हलला. आणि कोणीतरी अतिशय मायेनं चादर ओढून तो झाकला.

उठून बसणं सोपं होतं. पण हललो असतो तर रेंज गेली असती, बोललो असतो तर पोरीची आन मोडली असती, आणि पडद्याआड मुलगा नेमकं विचारत होता की तुला इतक्या लांब करमेल का. बापानं अशा वेळी मेलेलंच बरं. मी पडून राहिलो.

बायामाणसं पडद्याआड आहेत, तवर दोन शब्द बोलून घेऊ, असं कोणीतरी कुजबुजलं आणि शोकसभा सुरू झाली. आधी गुरुजी बोलले. शाळेत असल्यापासून वसंताला, म्हणजे मला, खोटं बोलायची सवय होती, पण त्यानं त्यात कधी कोणाचं नुकसान केलं नाही, केलं तर स्वतःचंच. मग नामदेव पुढं आला. त्याचा आवाज मी दोन वर्षांनी इतक्या जवळून ऐकत होतो.

"माह्या पोराले साप चावला तवा यानंच गाडीवर घालून पांढुर्ण्याले नेलं," नामदेव म्हणाला. "डॉक्टरले सांगे, साप बारा फुटाचा होता. हातभर होता. पन पोरगा वाचला." त्यानं नाक शिंकरलं. "धुरा यानंच सरकवला होता. जाऊ द्या. मी सोडला. वसंता दोन हजार झाडं सांगे. झाडं दोनशे बारा आहेत. मानूस मात्र एक होता."

गुरुजी म्हणाले, दोन मिनिटं शांत उभं राहू.

आत काय झालं, ते मला नंतर कळलं. शोभाला आधी वाटलं, दुसरं कोणाचं मयत आलं. माझं नाव ऐकल्यावर तिला वाटलं, मीच माझी स्तुती करायला माणसं बोलावली. पण बोलणारे खरं बोलत होते, तेव्हा माणसं माझी नव्हेत हे तिच्या लक्षात आलं. तोवर फोनवर सगळं काटोलला पोचलं होतं. दोन मिनिटं शांत म्हटल्यावर मुलाचे आई-वडील आपल्या बैठकीत उठून उभे राहिले. पलीकडे मस्कतला मुलगाही उभा राहिला. तिघांच्या माना खाली, आणि त्याच क्षणी चित्र गोठलं. प्राजक्ता सांगते, त्या तीन खाली घातलेल्या माना पडद्यावर कितीतरी वेळ तशाच होत्या, आणि तिकडून आवाजही नाही, श्वासही नाही. मग कॉलच तुटला.

बाहेर मी ती दोन मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत. मेलो म्हणाले, सोसलं. खोटारडा म्हणाले, सोसलं. धुऱ्याचंही सोसलं. पण एक गोष्ट घशात अडकली होती ती खाली जाईना. एवढ्या शांततेत तर अजिबात जाईना.

"दोनशे चौदा," मी चादरीतून म्हणालो.

कोणी हललं नाही. धुक्यात कुठंतरी एक टिटवी ओरडून गेली.

"बारा," नामदेव म्हणाला. डोळे मिटूनच होता म्हणतात. "दोन मांगच्या साली वाळले."

मग त्यानं डोळे उघडले. आणि बरोबर तेव्हा माझ्या छातीवर, पांढऱ्या चादरीच्या आत, निळा उजेड पेटला आणि थरथरू लागला. कंपनीचा संदेश होता: अभिनंदन, आपल्या भागातील नेटवर्क सुधारणेचे काम पूर्ण झाले आहे.

मी चादर काढून उठलो तेव्हा घाटावर माणूस नव्हता. धुक्यात पळणाऱ्या पावलांचा आवाज चहूबाजूंनी येत होता, आणि ओट्यापासून जरा लांब ओळीनं काढून ठेवलेल्या सत्तर-ऐंशी चपला. (गुरुजींची काठीसुद्धा!) एकटा नामदेव पाच हातांवर बसला होता. पळताना लाकडांत पाय अडकून पडला होता म्हणे. गुडघे झटकत तो म्हणाला, "धुऱ्याचं बोललो ते तसंच राहू दे. आता वापस घेत नाही." आम्ही दोघांनी मिळून चपला ट्रॅक्टरमध्ये भरल्या.

काटोलहून होकार दोनदा आला. पहिला दुसऱ्याच दिवशी सकाळी. गावात आता नेटवर्क असं झकास, की व्याही आमच्याच माजघरात बसून बोलत आहेत असं वाटावं. शोभानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. मुलगी पसंत आहे, व्याही म्हणाले. वडिलांबद्दल लोक किती सरळ बोलले, मन भरून आलं. घरात असं झालंच आहे, तर वर्षाच्या आत लग्न उरकलेलं बरं, मार्चमधलीच तारीख धरू.

प्राजक्तानं आईचा हात घट्ट धरला होता. मी खूण केली की काही बोलू नको, लग्न होऊन जाऊ दे, मी तोवर बोरगावला बहिणीकडे राहतो. पण शोभाला खोटं जमत नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सांगून टाकलं, की पोरीचे बाबा आहेत, हे काय, समोरच बसून आहेत.

पलीकडे शांतता पसरली. मी फोनकडे पाहिलं. दांड्या चारच्या चार होत्या.

"बरं," व्याही शेवटी म्हणाले, "मंग आमाले दोन दिवस विचार कराले द्या."