न मोडणारे पॅनकेक

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि तिला सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा, आणि समोर ट्रक आला तरी तोंडाने “काही होत नाही, जाऊ द्या हळूच” म्हणायचं, हे तिचं रोजचं काम. दिवसभर असं डोक्यावर बर्फ ठेवून बसलेल्या बाईकडे घरी यायच्या वेळी बर्फ शिल्लक राहत नसे, यात तिची काय चूक?

त्यातच तिच्या पोटाने दगा दिला. सतत फुगणं, दुखणं, थकवा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, की गव्हातलं ग्लुटेन तुमच्या आतड्यांना सोसत नाही. गहू, मैदा, रवा, सगळं बंद.

“कमी केलं तर?” ब्रेकबाईने विचारून पाहिलं.

“कमी नाही, बंद. कणभरसुद्धा नको.”

दोन वेळचं जेवण भातावर भागलं. खरी पंचाईत सकाळची आणि मधल्या वेळची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठे कोणी अडकलं की हातातला घास टाकून पळणार. मुलगी कॉलेजच्या घाईत, मुलगा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरणार. अशा घराला पावाने तारलं होतं. टोस्टरमध्ये टाकला, लोणी फासलं, सुटले सगळे. आणि ही ओट्याशी उभी राहून, त्यांच्या कुरकुरीत टोस्टचा आवाज ऐकत अंडं सोलायची. गाडीत खायला केळी आणि दाणे. केळ्यांचा तिला इतका वीट आला, की सिग्नलचा पिवळा दिवासुद्धा बघवेना.

मग नाना मदतीला धावले. नाना म्हणजे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलेले, हाताला उसंत नको असलेले. “सूनबाई, तुझा नाश्ता माझ्याकडे,” ते म्हणाले, आणि मक्याच्या पिठाचे पॅनकेक करायला लागले. सुरुवातीला नुसता भुगा. उलटायला गेलं की तुकडे, ताटात वाढेपर्यंत चुरा. ब्रेकबाई तो चमच्याने खायची आणि “छान झालंय” म्हणायची. मग एके दिवशी अख्खा, गोल, मऊ पॅनकेक ताटात आला.

“नाना! आज मोडला नाही!”

नानांची छाती फुगली. “जमलं बघ हाताला.”

त्या दिवसापासून सकाळी पॅनकेक, डब्यात पॅनकेक. दोन शिकवण्यांच्या मध्ये गाडी कडेला लावून ती सुखाने खायची.

आणि पोट पुन्हा दुखायला लागलं. आधीपेक्षा जास्त. तपासणीचे आकडे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही गहू खाताय.”

“मी?” ब्रेकबाईचा आवाज चढला. “अहो, बेकरी दिसली की मी रस्ता बदलते!”

“मग घरातूनच कुठूनतरी पोटात जातोय. शोधा.”

झालं. घरात पोलिसी खाक्या सुरू झाला. लोण्याच्या डब्यात पावाचे कण सापडले, मुलीची झडती.

“आई, मी सुरी पुसली होती!”

“कशाला? पँटला?”

मुलीने पँटवरचा डाग हाताने झाकला, म्हणजे पँटलाच. लोणी वेगळं झालं, सुरी वेगळी झाली, ब्रेकबाईच्या खाण्याच्या कपाटाला कडी लागली. मुलाने बिस्किटाच्या हाताने दाण्यांची बरणी उघडली म्हणून त्याला बोलणी बसली. नवऱ्याने तिच्या पॅनकेकच्या तव्यावर पाव शेकला, तेव्हा तर तिने असा आवाज लावला, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

“अगं, मी तवा धुतला असता ना,” तो म्हणाला.

“तुझी लिफ्ट मधेच अडकली की तूसुद्धा असंच सांगतोस का, दुरुस्त केली असती ना म्हणून?”

नाना मात्र प्रत्येक वेळी तिची बाजू घ्यायचे. “तिच्या जिवाशी खेळू नका रे,” असं सगळ्यांना दटावून पुन्हा तव्याकडे वळायचे. एवढं करूनही दुखणं हटेना.

एका सकाळी पहिल्या शिकवणीचा माणूस आलाच नाही. त्याने फोन करून सांगितलं, की आज हात थरथरताहेत. ब्रेकबाई अर्ध्या रस्त्यातून परतली, चपला काढून स्वयंपाकघरात आली. नाना पाठमोरे उभे होते. मक्याचं पीठ भांड्यात होतं, आणि नाना दुसऱ्या डब्यातून मूठभर पीठ काढून त्यात घालत होते. डबा कणकेचा होता.

“नाना, हे काय?”

“काही नाही गं, जरा चिकटपणा येतो. नाहीतर मोडतात ना.”

“रोज घालता?”

“मूठभरच.” नाना हसून म्हणाले. “बाकी सगळा मकाच की.”

ब्रेकबाईने कपाळाला हात लावला आणि तशीच खुर्चीत बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरांना ओरडली, नवऱ्याला टाकून बोलली, आणि ज्याने रोज मूठ मूठ विष वाढलं तो माणूस उलथनं हातात धरून कौतुकाची वाट बघत उभा होता. ओरडावं तरी कसं?

“नाना, कणभर नको म्हणाल्या होत्या डॉक्टर. कणभर!”

नानांचा चेहरा उतरत गेला. “म्हणजे... तुझं पोट... माझ्यामुळे?”

तिने होकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. नानांनी गॅस बंद केला, उलथनं खाली ठेवलं, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मग दोन दिवस स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत. ब्रेकबाईला आता पोट सांभाळायचं, नाश्ता करायचा, मुलाचा मोजा शोधायचा, आणि वर सासऱ्यांची समजूत काढायची! तिसऱ्या दिवशी तिनेच दार वाजवलं.

“नाना, उठा. माझ्याच्याने होत नाही. मोडला तर मोडला, पण तुम्हीच करा.”

“आणि चुकलं तर?”

“गव्हाचं पीठ घरातच ठेवत नाही. मग चुकणार कशाने?”

तसा कायदा झाला. कणीक गेली; पाव, टोस्टर आणि बिस्किटांची बाल्कनीत रवानगी झाली. ज्याला गहू खायचा त्याने तिथे उभं राहून खायचा आणि हात धुऊन आत यायचं. थंडीत कुडकुडत टोस्ट चावणारा नवरा काचेतून तिच्याकडे असा बघायचा, जणू त्याला वाळीत टाकलंय. ब्रेकबाईने पाठ फिरवली. हळूहळू पोट निवळलं, डॉक्टरीणबाईंनी आकडे बघून मान डोलावली.

पण सुख कुठलं! नाना आता अंड्यात मका कालवून छोटे छोटे पॅनकेक करायचे, जाडसर, बेताने उलटता येणारे. बाल्कनीतल्या गारठ्याला कंटाळून मुलगी म्हणाली, “मलाही तेच दे आजोबा.” मग मुलगा. मग नवरा, “एकच, चव बघायला.” ब्रेकबाई आंघोळ करून आली तेव्हा ताट पुसून ठेवलेलं होतं.

“माझे कुठे आहेत?”

नवऱ्याने तिच्यासमोर एक केळं सरकवलं.