मंगळवारची वर्दी

इंग्रजी अमलात सालेकशाकडच्या आमच्या गावात जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यात द्यायचं काम कोतवालाचं. आधी आमच्या कोतवालाच्या बापाने केलं, मग याने. वंशावळ जुळवायला मी ठाण्यातली जुनी दप्तरं चाळली, तर आमच्या घरातले सगळे मंगळवारीच जन्मलेले आणि मंगळवारीच मेलेले. मंगळवारी ठाण्याच्या गावी बाजार असायचा. मीठ-तंबाखू आणायला जाताना हा वर्दीही उरकायचा.

आजोबांचं मरण तर दोन वर्षं आधीच नोंदलेलं! मी चिडून कोतवालाला जाब विचारला.

"बुढा मरूनच राहिला होता जी, गुरुजी," कानावरची विडी काढत तो शांतपणे म्हणाला. "एका मरणासाठी दोनदा कायले जाऊ?"

"अरे, पण ते बरे झाले ना!"

"मंग ते त्यायची चूक."

त्याच वर्षी पावसाळ्यात मी तापाने अंथरूण धरलं. एका सकाळी तो दारात उभा राहून मला निरखत होता.

"कसं वाटून राहिलं, गुरुजी?"

इतक्या मायेने कुणीच विचारलं नव्हतं. मग त्याच्या खांद्यावरची बाजाराची थैली दिसली. मी खाटेवरून उठलो, सदरा चढवला आणि अंग फणफणत असतानाही त्याला वेशीपर्यंत चालत पोचवून आलो.