नीराबाईची उन्हाळी

रेवदंड्याच्या मासळी बाजारात नीराबाई तीस वर्षं एकाच ओट्यावर बसते आहे आणि तिथून तिला उठवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. मी शाळेत शिकवते, तिचं जुनं गिऱ्हाईक. जास्त घासाघीस केली की ती माझ्या पिशवीतली मासळी परत टोपलीत टाकते आणि मला भेंडी खायला सांगते.

बाजारातल्या बायकांची एक रीत होती. सकाळी घोटभर चहा घेऊन निघायचं आणि टोपली रिकामी होईपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. आणि उठून जाणार कुठे? बायकांच्या संडासाला कुलूप, चावी राखणदार येसाजीकडे आणि आत कुणाकुणाचे बर्फाचे खोके.

लघवीला आग व्हायला लागली की सगळ्या म्हणायच्या, उन्हाळी लागली. मग सब्जाचं पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. नीराबाईला उन्हाळी मे महिन्यात लागली, भर श्रावणात लागली आणि मार्गशीर्षाच्या गारठ्यातही लागली. थंडीत कसली आली उन्हाळी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी म्हणे शिकलेली. शेवटी कंबर धरली, हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा सून सुचिताने तिला रिक्षात घालून अलिबागला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ही उष्णता नाही, जंतू आहेत, आणि ते मूत्रपिंडापर्यंत पोचले आहेत. पाणी भरपूर प्यायचं, लघवी अडवायची नाही, धुताना पुढून मागे धुवायचं, बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत. असंच पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रपिंड खराब होईल. मुलगा विनेश म्हणाला, बाजार बस झाला, आता घरी बस. त्यावर नीराबाई तापापेक्षा जास्त तापली.

"ओटा माजा हाय," ती म्हणाली. "मी उठंन ती फकस्त मुतायला."

गोळ्या संपवून ती बाजारात आली ती पाण्याची मोठी बाटली घेऊनच. नऊच्या सुमारास सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली आणि थोड्या वेळाने येसाजीकडे चावी मागायला गेली. येसाजी म्हणाला, बाजार कमिटीची मिटिंग होईल, मग बघू.

"तुमी बाप्ये भिंतीआड जाता, तवा कंची मिटिंग घेता?"

तरी येसाजीच्या खिशातून चावी निघाली नाही. नीराबाई ओट्यावर परतली आणि तिने कोयता खाली ठेवला. चावी येईपर्यंत मासळी कापायची नाही, असं तिने शेजारच्या रतनला सांगितलं. रतनने ठेवला, मग तिच्या पलीकडचीने. बघता बघता अकरा कोयते खाली. अख्खी सुरमई हातात घेऊन गिऱ्हाइकं उभी, आणि त्यात कमिटीचे अध्यक्षही होते. घरी पाहुणे यायचे होते त्यांच्या. चावी दहा मिनिटांत आली. खोके बायकांनीच ओढून बाहेर काढले आणि त्याच दिवशी आतली फरशी घासली. मला फार आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

आता ती चावी नीराबाईच्या ओट्यावरच्या खिळ्याला असते. ती मधूनमधून लाकडी पाटावर कोयता आपटते, की सगळ्यांनी पाणी प्यायचं. उठणाऱ्या बाईची टोपली शेजारीण सांभाळते. यंदाचा वैशाख गेला, पण नीराबाईला उन्हाळी लागली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मी तिला कबूल केलं की आमच्याकडेही शिक्षिकांच्या संडासाची चावी हेडमास्तरांच्या कपाटात असते, मागायची लाज वाटते, म्हणून मीसुद्धा शाळा सुटेपर्यंत पाणी पीत नाही. वर मी हेही म्हणाले की तुझ्याकडे कोयता होता, माझ्याकडे काय आहे?

नीराबाईने मान वर केली नाही. बांगड्यांची डोकी उडवता उडवता म्हणाली, "खडू हाय ना? ठेवा की खाली."

सोमवारी दुसऱ्या तासाला मी ठेवला.