ललिताबाईनं बुडवलेला बाजार

ललिताबाईच्या वांग्यांनी आजवर तीन सहली खाल्ल्या होत्या. एक शेगावची, एक लोणारची, एक चिखलदऱ्याची. तिन्ही वेळा लेकीला कबूल केलेलं, तिन्ही वेळा पिशवी भरून खुंटीला अडकवलेली, आणि तिन्ही वेळा ऐन वक्ताला वांगी तोडणीला आलेली. वांग्याला कुणाची सहल कळत नाही. तिसऱ्या दिवशी तोडलं नाही तर ते जून होतं, पोटात बी धरतं, आणि मग गिऱ्हाईक ते दाबून बघतं नि तोंड वाकडं करून परत ढिगात टाकतं. लोणारच्या वेळी शुभांगी आठ वर्षांची होती. नवा फ्रॉक घालून ती दुपारपर्यंत बांधावर बसून राहिली आणि आई एकेक तास पुढे ढकलत राहिली. तेव्हापासून आईनं काहीही कबूल केलं की शुभांगी नुसतं "हव", म्हणजे हो, म्हणायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. रडारड नाही, रुसवा नाही. ललिताबाईला त्या "हव"ची जेवढी धास्ती होती तेवढी गारपिटीचीही नव्हती.

बाई तशी कुणाला भिणारी नव्हे. वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं नि नवरा गोपालचं दीड एकर बागायत. गोपाल पाणी देणार, फवारणार आणि गप्प राहणार. तोडणं, जुड्या बांधणं, विकणं आणि घरातलं सगळं बोलणं ललिताबाईकडे. पहाटे मेथीच्या वाफ्यात ती एकदा उकिडवी बसली की ऊन डोक्यावर येईस्तोवर बूड टेकत नसे, बसल्या बसल्याच पुढं सरकायची. आणि वाशीमच्या रविवारच्या बाजारात तिनं अठरा वर्षांत एकही खाडा केला नव्हता. ताप आला तर ताप घेऊन बसली, शुभांगी पोटात होती तर तिला घेऊन बसली.

त्याला कारण होतं. बाजारातली जागा कुठल्या कागदावर नसते. जो बसतो त्याची जागा. ललिताबाईची लिंबाखालची सावलीची जागा अठरा वर्षांपूर्वी धुरपताबाई नावाच्या एका म्हातारीची होती. लेकाच्या लग्नापायी ती एका रविवारी आली नाही. ललिताबाईनं तिथं आपलं गोणपाट अंथरलं, आणि पुढच्या रविवारी धुरपताबाई आली तेव्हा ते उचललं नाही. म्हातारी टोपली घेऊन पार टोकाला उन्हात जाऊन बसली. ही गोष्ट ललिताबाई कुणाला सांगत नसे, पण ती विसरलीही नव्हती. एका रविवारात काय जातं, हे तिच्याइतकं अख्ख्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या शेजारी मेडशीची सुंदरबाई बसायची. दोघींच्या गोणपाटांमध्ये अर्धा हात जागा सुटायची, आणि ती कुणाची यावरून दोघींचं अठरा वर्षं भांडण चालू होतं. सकाळी आल्या आल्या एकदा आणि उठताना एकदा, असं ते नेमानं व्हायचं. मधल्या वेळात एकमेकींच्या पाण्याच्या बाटलीतून पाणी पिणं चालायचं, पण ते वेगळं.

अशाच एका रविवारी शाळेचे किशन सर पेढ्याचा पुडा घेऊन बाजारात आले. शुभांगी आठवीत, शाळेच्या खो-खो संघात खेळायची. वाऱ्यासारखी पळते असं सर म्हणायचे, पण सर सगळ्यांनाच तसं म्हणतात अशी ललिताबाईची समजूत होती.

"ताई, तोंड गोड करा! शुभांगीची विभागाच्या संघात निवड झाली. आता राज्य स्पर्धा!"

ललिताबाईच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. सर पुढं सांगत होते, की पुण्याला नामवंत खेळाडूंचं एक संग्रहालय आहे, तिथं त्यांचे बूट, मेडलं, फोटो सगळं ठेवलंय, खो-खोचं तर वेगळं दालनच आहे, स्पर्धेआधी पोरीनं ते एकदा बघायला पाहिजे. ललिताबाईला त्यातलं निम्मं कळलं. पण छाती अशी भरून आली होती की ती गोणपाटावर उभीच राहिली.

"मी नेते तिले! मी सोता नेते पुण्याले!"

"तू?" सुंदरबाईनं मान वळवली. "न् वांगी कोन तोडन? पुन्याचे लोकं येतीन का?"

सगळी रांग हसली. ललिताबाईनं शुभांगीकडे पाहिलं. शुभांगी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. वर न बघता ती म्हणाली, "हव."

झालं. तिथंच ललिताबाईनं मनाशी गाठ मारली. यंदा आभाळ पडलं तरी जायचं.

आणि बाईनं आखणी केली ती एखाद्या लग्नाची करावी तशी. वांगी कोणत्या दिवशी तोडायची हे बोटांवर मोजून ठेवलं. मेथीचा वाफा चार दिवस उशिरा पेरला. गोपालला काय काय करायचं ते रोज तीन वेळा सांगितलं आणि तो तिन्ही वेळा मान हलवत राहिला. रविवारचा बाजार करायचा, संध्याकाळी ट्रॅव्हल्सनं निघायचं, सोमवारी दिवसभर संग्रहालय बघायचं आणि मंगळवारी सकाळी घरी. त्याच दिवशी दुपारपासून शुभांगीचं सरावाचं शिबिर होतं, ते संपलं की थेट स्पर्धा. म्हणजे सोमवार बरोब्बर बसत होता. तिच्या घरात दवाखाना, पाहुणे, लग्नाची बोलणी सगळं सोमवारीच व्हायचं, कारण रविवारी बाजार आणि सोमवारी मोकळं. जगाचा मोकळा वार सोमवार, यात तिला कधी शंकाच आली नव्हती.

निघायच्या आधीच्या बुधवारी किशन सरांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "ताई, तिकिटं काढाले बसलो न्... सोमवारी बंद असते ते."

"बंद? अन् सोमवारी कायले बंद? लोकं मोकळे तं सोमवारीच असतात!"

"रविवारी गर्दी असते ताई, म्हून सोमवारी सुट्टी देतात. रविवारी जमत असन तं पाहा."

तिनं फोन ठेवला. ओट्यावर शुभांगी मेथी निवडत बसली होती. तिनं ऐकलं होतं.

"राहू दे आई," ती म्हणाली. "मले म्हाईतच होतं."

त्या बोलण्यात राग असता तर ललिताबाई चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. राग नव्हता. पोरगी अगदी सहज बोलली आणि पुढची काडी हातात घेतली. चौदा वर्षांच्या पोरीनं आपल्या आईच्या शब्दाचा हिशोब कधीच मिटवून टाकला होता, आणि ललिताबाईला हे आज पहिल्यांदा नीट दिसलं. तिला रडू आलं. तोंडावर पदर धरून ती गोठ्यामागं गेली आणि पोटभर रडली.

रडून झाल्यावर विचार सुचला. शुक्रवार-शनिवार बाजाराच्या तोडणीचे, तेव्हा रविवारीच जायचं. पण मग जागेचं काय? गोपालला बसवावं तर तो एकदा बसला होता, आणि गिऱ्हाईक जो भाव सांगेल त्याला मान हलवत त्यानं तासाभरात सगळी टोपली वाटून टाकली होती. शिवाय लिंबाच्या सावलीवर डोळा ठेवून लसूणवाला दौलतसिंग गेली चार वर्षं टपून होता. गोपालला तर त्यानं गोड बोलूनच उठवलं असतं. दौलतसिंगाला त्या जागेपासून लांब ठेवील असं माणूस बाजारात एकच होतं.

गुरुवारी सकाळी ललिताबाई मेडशीच्या एसटीत बसली.

सुंदरबाई अंगणात तूर पाखडत होती. दारात ललिताबाईला बघून तिच्या हातातलं सूप थांबलं. "काय वं? कोनी मेलं का?"

"कोनी नाई मेलं. रविवारी मी पुन्याले जाऊन राह्यली. माह्या जागेवर तुहं गोनपाट पसरजो. माही वांगी गोपाल आनून देईन, तेवढी इकून दे."

सुंदरबाईनं सूप खाली ठेवलं. कमरेवर हात घेतले. "अन् मी उठलीच नाई तं? अठरा वर्सं पाहून राह्यली त्या सावलीकडं. तू तरी कशी बसली व्हती तिथं? धुरपताबाईले मी पाह्यलं व्हतं उन्हात."

हे ललिताबाईला लागलं. खोटं नव्हतंच काही. ती खाली बसली, तिथंच, मातीत.

"पाह्यलं व्हतं न्? मंग तूच जाऊ दे मले. बसली तं बस. सावली तुही. पन पोरीपाशी माह्या शब्दाले काही किंमत राह्यली नाई सुंदरे. तीनदा बोलली, तीनदा नाई नेलं. आता ती रडत बी नाई."

सुंदरबाईनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली, जरा जास्तच जोरात.

"आधी म्हन, थो अर्धा हात माहा हाय."

पुण्याचं तिकीट महाग असतं हे ललिताबाईला माहीत होतं, पण इतकं महाग असेल असं वाटलं नव्हतं. "तुहा हाय."

"जाय मंग. पोट्टीले घेऊन जाय. त्या लसूनवाल्याले मी पाह्यते न् तुही वांगी माह्या वांग्याच्या आंधी इकते. अन् परत येऊन मले सारं सांगजो, काही गाळू नोको."

शनिवारी संध्याकाळी शुभांगी ट्रॅव्हल्समध्ये चढली तीसुद्धा खात्री नसल्यासारखीच. गाडी हलली, मालेगाव मागं पडलं, मेहकर मागं पडलं, तेव्हा कुठं तिनं पायातल्या चपला काढल्या आणि पाय वर घेऊन बसली.

संग्रहालयात रविवारची ही गर्दी. काचेच्या कपाटांत जुनी मेडलं, फाटके बूट, घामानं पिवळे पडलेले बनियन. एका खो-खोवाल्या बाईचे कॅनव्हासचे बूट होते, अंगठ्याजवळ भोक पडलेले. शुभांगी त्यांच्यासमोर अर्धा तास उभी होती. "आई, हिचे बी फाटले व्हते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि ललिताबाईला वाटत होतं की एवढं बघायला मिळालं, बाजार वसूल झाला.

पण खरी गंमत दालनाच्या मागच्या अंगणात होती. तिथं खो-खोचं लहानसं मैदान आखलेलं, दोन लाकडी खांब रोवलेले, आणि दर रविवारी पालक नि मूल अशी जोडीची शर्यत. पालकानं चौकोनात उकिडवं बसायचं, मुलानं एका खांबापासून पळत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा, पालकानं उठून पळत दुसऱ्या खांबाला हात लावायचा. सगळ्यात कमी वेळ लागेल त्या जोडीचं नाव दालनाच्या फळ्यावर आठवडाभर राहणार. म्हणजे सोमवारी चालू असतं तरी सोमवारी हे बघायला मिळालं नसतं.

जीन्स घातलेले, दाढी कोरलेले तगडे बाप एकेक करून बसले. बसणं त्यांना जमलं, उठणं जमेना. एकजण खो मिळाल्यावर हातांवर टेकून उठला, एकाची पँट उसवली, एकजण खो मिळायच्या आतच मागे बुडावर पडला. लोक हसून हसून दमले. ललिताबाई कठड्याला टेकून बघत होती.

"उकिडवं बी बसता येत नाई ह्यायले?" तिनं खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं.

शुभांगीनं आईकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, जशी पहिल्यांदाच बघत असावी. "आई, चाल."

"हट् वं! मी काय खेळाडू हाय?"

"तू मेथी तोडाले बसली हाय असं समज. फक्त खो म्हनल्याबिगर उठू नोको."

ललिताबाईनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि चौकोनात बसली. टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मेथीच्या वाफ्यात बसली होती जणू. शिट्टी वाजली. मागून पोरीची पावलं आली, पाठीवर थाप बसली, "खो!" आणि बाई उठली ती कुठंही न टेकता, सरळ, तीसेक वर्षांची सवय एका झटक्यात पायांत उतरलेली. हातातल्या बांगड्या खणखणत तिनं खांब गाठला आणि त्याला अशी मिठी मारली की आता तो पुण्याचा राहिलाच नाही.

घड्याळवाल्या पोरानं दोनदा बघितलं. मग भोंग्यावरून ओरडला, "आजचा सगळ्यात कमी वेळ! नाव काय ताई? गाव?"

उत्तर द्यायला ललिताबाईजवळ दम उरला नव्हता. शुभांगीच ओरडली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं, बाजारात तिची आई ओरडते तसंच अगदी. "ललिताबाई! माही आई हाय! वाशीम!"

फळ्यावर खडूनं दोघींची नावं लागली. शुभांगीनं त्याचे सतरा फोटो काढले. ललिताबाई हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि कुणी बघतंय का याची तिला काही पर्वा नव्हती.

पुढच्या रविवारी ललिताबाई बाजारात आली तेव्हा लिंबाखाली तिची जागा झाडून ठेवलेली होती. लसणाच्या पोत्यापाशी दौलतसिंग मान खाली घालून बसला होता. त्याला काय ऐकावं लागलं असेल ते त्याचं त्याला माहीत. सुंदरबाईचं गोणपाट कबूल झाल्याप्रमाणे अर्धा हात पुढे सरकलेलं होतं, आणि ललिताबाईनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. दालनापासून खांबापर्यंत सगळं तिनं दोनदा सांगितलं, काही गाळलं नाही, थोडं वाढवलंच. शिबिरातून दुपारी सुटी घेऊन शुभांगी आली, तिनं सगळ्या रांगेला फोटो दाखवले. रांगेच्या पार टोकाला, उन्हात, आता धुरपताबाईची सून बसते. ललिताबाईनं तिला हाक मारून आपल्या गोणपाटाच्या कडेला सावलीत जागा करून दिली. का, ते तिनं सांगितलं नाही. सुंदरबाईनं मात्र एकदा तिच्याकडे बघितलं आणि आपलं गोणपाट चार बोटं मागं ओढलं.

संध्याकाळी उरलेली वांगी टोपलीत भरताना ललिताबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "स्पर्धा होऊ दे, मंग लोनारले जाऊ."

बोलली आणि तिनं जीभ चावली. आता ते "हव" येणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

शुभांगीनं हातातली मेथी बाजूला ठेवली, हात पुसले आणि खिशातून फोन काढला.

"कोन्त्या वारी?" ती म्हणाली. "थांब, आंधी बंद कवा असते थे पाह्यते."