खोक्यातली डाळ

जायच्या आदल्या दिवशी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखान्यात हळूच म्हणाल्या, "त्या दिवशीची गाठ माझी नव्हती गं, सुनंदा." कुठला दिवस, हे मी विचारलं नाही. काय विचारणार, कपाळ! इतकी वर्षं तोच दिवस उरावर घेऊन वावरत होते मी...

परदेशीपुऱ्यात राहायचो आम्ही. बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, मिल बंद पडली आणि आईंनी विजय नगरातल्या एका नव्या ऑफिसाला जेवणाचे डबे द्यायचं ठरवलं. घरात दुसरी कमाई नव्हती. गॅसचं सिलेंडर एकच, पुढच्याचा नंबर कधी लागेल याचा भरवसा नाही. मग आईंनी युक्ती काढली. डाळ दहा मिनिटं खळखळली की गॅस बंद, आणि पातेलं झाकणासकट लाकडी खोक्यात. भोवती मिलमधला रद्दी कापूस, वर गोधडी, गोधडीला करकचून गाठ. तीन तासांत डाळ आतल्या आत शिजायची. मध्ये उघडायचं मात्र नाही.

पहिल्याच दिवशी आई भाजी आणायला गेल्या आणि माझा धीर सुटला. बिनगॅसची डाळ कुठे शिजते का? गाठ सोडली, झाकण उचललं. भस्सकन वाफ तोंडावर आली. घाईघाईनं परत गाठ मारली, मला जमेल तशी. राहवेना, पुन्हा उघडलं. असं तीनदा केलं हो मी!

दुपारी बाबा सायकलवरून डबे घेऊन परतले, डबे जडच, न खाल्लेले. "ऑफिसवाले बोले, दाल कच्ची है. कल भी ऐसीच आई तो बंद!" आणि मग आईंवर जे बरसले... "निघाली गॅस वाचवायला! मिल गेली, आता हेही घालव!" मी ओट्याशी उभी. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, "माझंच चुकलं. घाईत लवकर उतरवली."

दुसऱ्या दिवशी त्या खोक्यावरच ठाण मांडून मेथी निवडत बसल्या. डबे रिकामे परत आले. पुढं त्याच डब्यांवर घर उभं राहिलं, आणि मी लबाड, गप्पच राहिले.

परवा त्यांना जाऊन महिना झाला. मी खोका काढला, डाळ ठेवली, गाठ मारली. बाबा म्हणाले, "एकदाच चुकली बघ ती. पहिल्या दिवशी."

"बाबा, तेव्हा झाकण मी उघडलं होतं."

"...तिला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी तिलाच..." बाबा काठी टेकत उठले, खोक्यावर जाऊन बसले आणि डाळ होईपर्यंत हलले नाहीत.